फोटोतलं पाणी

मी पाच वर्षं धुळे जिल्हा परिषदेची सदस्य होते. एकदाच. पुढच्या सोडतीत आमच्या गटाचं आरक्षण बदललं आणि माझं राजकारण थांबलं, असं मी विचारणाऱ्यांना सांगते. ते खोटं नाही. शेजारचा गट महिलांसाठीच होता आणि पक्षाचे लोक तिथून उभं राहण्याबद्दल दोनदा बोलायला आले होते, एवढं मी सांगत नाही.

माझं माहेर बोदवडकडचं, कोरडवाहू. कापूस, तूर आणि आभाळाकडे बघत बसणं. लग्न होऊन मी पिंपळनेरच्या अलीकडच्या एका गावात आले, तर तिथे नदीवर दगडी बंधारा, बंधाऱ्यातून पाट आणि पाटावर चार फड. फड म्हणजे एकत्र ओलिताची जमीन. एका फडातल्या सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, यंदा गहू तर सगळ्यांचा गहू. पाणी कधी, कोणाला आणि किती वेळ, हे मालकानं ठरवायचं नाही. ते पाटकरी ठरवतो. पाटाच्या तोंडाशी लाकडी फळ्या असतात. त्या फक्त त्यानंच हलवायच्या, सरपंचानंही नाही. आमच्याकडे पाणी शेवटच्या वावरापासून सुरू होतं आणि वर वर येतं, म्हणजे खालच्या माणसाला कोणी विसरत नाही.

नवरा हायस्कुलात मास्तर. त्याला शेतीतलं फारसं कळत नाही, हे तो स्वतःच सांगतो. त्यामुळे वावर मीच पाहिलं. पाण्याची पाळी असली की पदर खोचून, फावडं घेऊन मी बांधावर हजर. तिथेच मला पाटकरी नाना भेटले. काटक, काळेसावळे, डोक्याला मळकं उपरणं. त्यांचे वडीलही पाटकरीच होते. पहिल्या वर्षी मी वाफा फोडला तेव्हा ते म्हणाले होते, "मास्तरीन, पानीले हाकलू नको. वाट दाखाड, ते आपसूक जास." तेव्हापासून मी त्यांची मास्तरीन. गावात कोणी मला वहिनी म्हणे, कोणी काकू. नानांनी दुसरं काही कधी म्हटलं नाही.

आमचा गट महिलांसाठी राखीव झाला तेव्हा पक्षाचे दोघं घरी आले. ओट्यावर चहा झाला. एकजण म्हणाला, "ताई, नाव तुमचं राहील. काम आम्ही बघू."

"काम मी बघेन," मी म्हटलं. "नाव मतपत्रिकेवर नीट छापून येतं का, तेवढं तुम्ही बघा."

हा संवाद मी पुढे प्रत्येक भाषणात सांगितला. टाळ्या पडायच्या. मला तो फार आवडायचा.

काम मी खरंच पाहिलं. दर सोमवारी एसटीनं धुळ्याला. जिल्हा परिषदेच्या व्हरांड्यात इतर बायांचे नवरे फायली घेऊन उभे असत आणि बाया आत खुर्चीवर गप्प. माझा नवरा तेव्हा नववीच्या वर्गात भूमिती शिकवत असे. बांधकाम विभागातले साहेब सुरुवातीला विचारायचे, "मिस्टर नाही आले?" मी म्हणायची, "त्यांना निवडून दिलेलं नाही." अंगणवाडीच्या दोन खोल्या झाल्या, आदिवासी पाड्यापर्यंत रस्ता झाला, दवाखान्यात रात्रीची नर्स मिळाली. मी हुशार आहे, हे मला कळलं. तिथूनच बिघडत गेलं असावं.

शेवटच्या वर्षी मी नवी सिमेंटची चारी मंजूर करून आणली. बंधाऱ्याच्या डाव्या अंगाला उंचवट्यावर जी जमीन कोरडी राहत होती, तिला पाणी मिळावं म्हणून. चांगलं काम होतं, आजही म्हणेन. उद्घाटनाला मुंबईहून बडे पाहुणे येणार होते. सभापतिपदासाठी माझं नाव चाललं होतं आणि पाहुण्यांच्या शब्दाला किंमत होती. चारीचं खालचं टोक अजून बांधायचं होतं, शेवटी नुसता नाला. कनिष्ठ अभियंता, तरुण आणि सरळ मनुष्य, म्हणाला, "ताई, कोरड्या चारीलाच नारळ फोडू. सगळीकडे तसंच करतात."

"सगळीकडे करतात ते मी करत नाही," मी म्हणाले. "फोटोत पाणी दिसलं पाहिजे."

आदल्या दिवशी मी नानांकडे गेले. फेब्रुवारीचे शेवटचे दिवस, ऊन चढू लागलेलं. फडात गहू होता. नाना पाटाच्या कडेला गवत उपटत होते.

"नाना, उद्या दोन तास पाणी नव्या चारीत सोडा. अकराला कार्यक्रम आहे."

"उद्या पाळी खालनी शे, मास्तरीन. गहू दाना भरी ऱ्हायना. पानी तोडता येत नही."

"दोनच तासांचा प्रश्न आहे."

"दोन तास तुम्हना. पाटना नही." त्यांनी हातातलं गवत झटकलं. "पाट एकदाव रिकामा व्हयना का पानी परत खाले पोचाले सांज व्हई. आनि उद्या सांजले त्यासनी पाळी सरी जाई. मंग बारा दिन पानी नही."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. वीस वर्षं त्याच पाटाचं पाणी मी घेत होते. पण माझ्या डोक्यात तेव्हा मांडव होता, खुर्च्या होत्या, बँड होता. मी म्हटलं, "नाना, हे पाणी आता सरकारी कामाचं आहे." असलं वाक्य मी बोलले. कोणत्याही भाषणात बोलले नव्हते, ते त्या बांधावर बोलले.

नाना हसले. "सरकारनी पाळी कधी शे, ते मना यादीमा नही," म्हणाले आणि परत गवताला लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी स्कूटर काढली. काठापदराची साडी, केस बांधलेले, हातात मोबाइल. बंधाऱ्यावर कोणी नव्हतं. नाना पाणी पुढे नेत खाली शेवटच्या वावरांकडे गेले असणार, पाळीच्या दिवशी ते तिकडेच असतात. मी चपला काढल्या, निऱ्या वर खोचल्या आणि पाटाच्या तोंडातली जुनी फळी लावून नव्या चारीच्या तोंडाच्या दोन फळ्या उपसल्या. फुगलेल्या लाकडाला झोका देऊन कसं काढायचं, ते नानांना बघून बघून शिकले होते. पाणी नव्या सिमेंटवरून धावलं. फार छान दिसलं. बोदवडच्या मुलीला ते किती छान दिसलं असेल, ते लिहून कळणार नाही. पाय पुसले, साडी सारखी केली आणि मांडवात गेले.

पाहुणे अकराला येणार होते. साक्रीला सत्कार, मग एका लग्नात हजेरी, मग वाटेत कोणाचं तरी जेवण. ते आले चार वाजून गेल्यावर. तोवर मला मांडव सोडता येईना. दर अर्ध्या तासाला फोन, "निघालेच." सकाळपासून बंधाऱ्याचं पाणी नव्या चारीतून जाऊन नाल्यात पडत होतं. मला ते दिसत होतं. मी उठून दोन फळ्या टाकू शकले असते. पण मग पाहुणे आल्यावर चारी कोरडी. मी उठले नाही.

पाणी आटल्यावर नाना वर आले असणार, पण तोवर पाट रिकामा झालेला, फळ्या बसवूनही त्या दिवशी पाणी खाली पोचणार नव्हतं. मी त्यांना पाहिलं तेव्हा ते गर्दीच्या मागे उभे होते, खांद्यावर फावडं. पाहुण्यांनी नारळ फोडला, पाण्यात फुलं सोडली. मी ओंजळीत पाणी घेतलं आणि फोटोवाल्यानं तीनदा घ्यायला लावलं. गाड्या गेल्या. लोक पांगत होते. तेव्हा नाना पुढे आले आणि सगळ्यांसमोर म्हणाले,

"मेंबरबाई, आते फळ्या बसाडू का?"

ते मला मेंबरबाई कधीच म्हटले नव्हते.

फळ्या कोणी काढल्या, हे त्यांना ठाऊक होतं. काठावर माझ्या अनवाणी पायांचे ठसे होते, स्कूटरच्या चाकांचे होते. त्यांनी विचारलं अशासाठी, की मी तिथे चार माणसांसमोर बोलावं. तेवढी जागा त्यांनी मला करून दिली होती. मी म्हटलं, "हो नाना, बसवा." जणू काढल्याही त्यांनीच होत्या, माझ्या सांगण्यावरून किंवा आणखी कोणाच्या. ऐकणाऱ्यांनी तसंच समजून घेतलं.

शेवटच्या वावरांना त्या दिवशी पाणी पोचलं नाही. पुढची पाळी येईपर्यंत ऊन वाढलं, नदीची धार बारीक झाली. खालच्या आठ-दहा जणांच्या गव्हाचा दाणा चिमला. खाण्यापुरता झाला, विकायला नाही.

फडाची वर्षाची बैठक आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, मारुतीच्या पारावर भरते. पाटकरी नेमायचा, पाट उपसायला कोणत्या घरातून कोण येणार ते ठरवायचं, आणि त्याआधी एक रीत. वर्षभरात ज्यानं पाळी मोडली असेल त्यानं स्वतः उभं राहून सांगायचं. दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही, घेतलं तर ते ऐकलं जात नाही. सांगणाऱ्याला दंड एकच, पुढच्या हंगामात त्याची पाळी सगळ्यांच्या शेवटी. सांगून झालं की विषय संपला. त्याबद्दल पुन्हा कोणी बोलत नाही.

आणि आखाजीलाच खानदेशातल्या लेकी माहेरी जातात. झोके, गाणी, सांजोऱ्या. माझे आईवडील केव्हाच गेले होते, मी दहा वर्षांत आखाजीला बोदवडला गेले नव्हते. त्या वर्षी गेले. नवरा बॅग बघून म्हणाला, "यंदा एकदम?"

"लेकीनं जायचंच असतं," मी म्हटलं.

भावजयीला आनंद झाला, आश्चर्यही वाटलं. "मेंबर आमच्या झोक्यावर! झोका तुटला तर सरकार भरून देईल ना?" सगळ्या बाया हसल्या, मीही हसले. निंबाच्या झाडाखाली शेहेचाळीस वर्षांची मी झोक्यावर बसले होते आणि मनात बैठकीची वेळ मोजत होते.

परत आले तेव्हा नवऱ्यानं भात कालवता कालवता सांगितलं. बैठकीत विचारलं, कोणी पाळी मोडली? कोणी उठलं नाही. पुन्हा विचारलं. तेव्हा नाना उठले आणि म्हणाले, "फळ्या मना ताबामा व्हत्यात." बस, एवढंच. मी काढल्या, असं म्हणाले नाहीत. पण फळ्या ज्याच्या ताब्यात, त्याची चूक. पाटकऱ्यानंच पाळी मोडली तर त्याला शेवटची पाळी देऊन भागत नाही. त्यांच्या जागी दुसरा नेमला.

"तुला काही माहीत आहे का?" नवऱ्यानं विचारलं.

"मी इथे कुठे होते?" मी म्हटलं आणि ताटं उचलली.

नाना महिन्याभरात दोंडाईच्याला लेकीकडे गेले. मिरचीच्या एका मारवाडी व्यापाऱ्याच्या गोदामावर राखणदार म्हणून लागले, असं कळलं.

मुदत संपत आली तसं मी केलेल्या कामांचं पुस्तक छापलं. रंगीत, गुळगुळीत कागद. मुखपृष्ठावर मी, ओंजळीत पाणी. पिंपळनेरच्या बाजारात मी स्वतः वाटत होते. आमच्या फडातल्या अगदी शेवटच्या वावराची मालकीण, एकटी राहणारी म्हातारी, भाजीच्या पाट्यांमधून वाट काढत आली. तिला लिहिता-वाचता येत नाही. तिनं पुस्तक हातात घेऊन चित्र बघितलं.

"फोटो मस्त शे, मेंबरबाई," म्हणाली. "हाई पानी मना गहूनं शे."

मी काहीतरी पुटपुटले. पुढच्या पाळीला लक्ष ठेवू, वगैरे.

"तुम्हले नही म्हनत. तुम्हले काय ठाऊक!" ती म्हणाली. "तो म्हतारा. तुम्हना पार्टीवालास्नी कितला दिन्हात व्हतीन त्याले? पंधरा वरीस मना बांधवर बठीसन भाकर खाये. मी ठेचा देऊ. आनि त्यानी मनाच गहू इकी टाका."

माझ्या हातात पन्नासेक पुस्तकं होती. तिला वाटत होतं नाना विकले गेले. सगळ्यांनाच वाटत होतं. मी तिथे उभी होते, पाणी हातात घेतलेल्या माझ्याच पन्नास फोटोंसकट, आणि तोंडातून एवढंच निघालं, "नाही हो, नाना तसे नाहीत." ती म्हणाली, "मंग कोन?" मी म्हटलं, "कोणास ठाऊक." उरलेली पुस्तकं घरी आणली. ती माळ्यावर आहेत.

त्यानंतर सोडत निघाली, गट गेला. शेजारच्या गटातून उभं राहा म्हणाले तेव्हा मी नवऱ्याच्या तब्येतीचं कारण दिलं. त्याची तब्येत ठणठणीत होती. मला एका गोष्टीची भीती होती. प्रचारात परत कोणीतरी पाण्याबद्दल विचारील आणि मी परत हसून उत्तर देईन. देता आलं असतं, हीच भीती.

पुढच्या हिवाळ्यात आमची वाळलेली मिरची घेऊन दोंडाईच्याला जावं लागलं. पिंपळनेरचा व्यापारी भाव पाडत होता. कोणत्या गोदामावर जायचं, हे मी विचारलं नाही आणि नेमका टेम्पो तिथेच थांबला. स्टेशनच्या अलीकडे, पत्र्याचं मोठं गोदाम, हवेत तिखट. दारात खुर्चीवर नाना, नाकाला उपरणं बांधून. वाळले होते.

"मेंबरबाई," ते म्हणाले आणि उठून उभे राहिले. माझ्यासाठी.

शेठचा मुलगा मिरची बघत होता तेवढ्यात मी त्यांच्याजवळ गेले. "नाना, बैठकीत तुम्ही सांगून का नाही टाकलंत?"

"दुसरानं नाव लेता येत नही ना."

"बाहेर तरी सांगायचं. लोक काय म्हणतात, माहीत आहे तुम्हाला?"

"माहीत शे." त्यांनी उपरणं खाली ओढलं. "माले एकच इचारनं व्हतं. ती खालली म्हतारी काय म्हनस?"

मला खोटं बोलता आलं असतं. सवयही झाली होती. पण तिखटानं डोळ्यांतून पाणी येत होतं, त्यातून नीट काही सुचलं नाही, आणि मी ती बोलली ते जसंच्या तसं सांगितलं. नानांनी उपरणं परत नाकावर ओढलं. मग शेठच्या मुलानं हाक मारली, पोती उतरवायची होती, ते गेले.

यंदाच्या आखाजीला मी बोदवडला फोन करून कळवलं की येत नाही. पारावर चाळीसेक पुरुष आणि बाया दोनच, मी आणि ती म्हातारी. माझ्यासाठी कोणीतरी घाईघाईनं खुर्ची आणली. मी खाली सतरंजीवर बसले, तर लोक अवघडले. बैठकीतले वयानं मोठे आबा बोलायला उठले, नेहमीप्रमाणे विचारलं, "कोनी पाळी मोडी?" आणि उत्तराची वाट न बघता पुढच्या विषयावर जाणार, तेवढ्यात मी उठले.

मी सभा गाजवलेली बाई. तिथे तीन वाक्यं बोलले, तीही अडखळत. तीन वर्षांपूर्वी उद्घाटनाच्या दिवशी फळ्या मी काढल्या. नानांनी नाही म्हटलं होतं. त्यांनी कोणाकडून काही घेतलेलं नाही.

मागून एकजण म्हणाला, "आते काय निवडनूक शे का वं?" दोघंतिघं हसले. तो प्रश्न बरोबर होता. मी सांगितलं, नाही, आता काही नाही, आणि उभीच राहिले.

आबांनी घसा साफ केला. "रीत ती रीत. येता हंगाममा मास्तरनी पाळी शेवटले." नवरा खाली मान घालून बसला होता. त्याला हे सगळं तिथेच, तेव्हाच कळत होतं. घरीही आधी सांगायची हिंमत मी केली नव्हती.

मग म्हातारी बोलली. उठली नाही, बसल्या जागेवरून. "मंग त्या म्हताराले कोन सांगी?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"तूच जाय," ती म्हणाली. मला तिनं पहिल्यांदा तू म्हटलं. "फळी तूच काढी ना? तूच जाय."

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एसटीनं साक्री आणि तिथून दोंडाईच्याला गेले. मिरचीचा हंगाम सरला होता, गोदाम निम्मं रिकामं. नाना त्याच खुर्चीवर. मी बैठकीत काय झालं ते सांगितलं. आबांनी निरोप दिला होता की परत या, पाट तुमचाच आहे, तोही सांगितला.

"पाटना तोंडले आते लोखंडी दारं बसाडात ना?" त्यांनी विचारलं.

"हो. गेल्या वर्षी."

"चाकं फिरावा लागस."

"हो."

"मंग मना काय काम?" ते रागानं म्हणाले नाहीत. "म्हतारी व्हती का बैठकमा?"

"होती."

"तिनी आयकं?"

"ऐकलं. तिनंच मला इकडे पाठवलं."

त्यांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. मी वाट बघत होते. कशाची, ते तेव्हा कबूल केलं नसतं, आता करते. त्यांनी मला मास्तरीन म्हणावं, याची. तेवढ्यासाठी मी सकाळी पाच वाजता उठून आले होते, निरोप हे निमित्त होतं.

नाना उठले. समोरच्या टपरीवाल्याला दोन बोटं दाखवली. आपली खुर्ची पुसून माझ्याकडे सरकवली आणि स्वतः पोत्यावर बसले.

"बठा," म्हणाले. "चाय ल्या, मेंबरबाई."